उपाशी खडकावर लाडवांचा डबा

इलिनॉयमधल्या त्या स्टेट पार्कचं नाव ‘स्टार्व्ड रॉक’, म्हणजे उपासमारीचा खडक. तिथं दोन रात्री तंबूत राहायला शिकागोहून निघालो, तेव्हा गाडीत दशम्या, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, दडप्या पोह्यांचं सामान आणि आईनं पुण्याहून पाठवलेला लाडवांचा स्टीलचा डबा होता. अर्धे बेसनाचे, अर्धे मेथीचे. डिकीत जागा उरली नाही म्हणून तंबू मुलांच्या पायाशी.

इलिनॉय नदीच्या काठावर हा वाळूच्या दगडाचा कडा सव्वाशे फूट उभा आहे. राजगड-तोरणा केलेल्याला ते टेकाडच वाटणार, त्यात आता लाकडी जिने. वर पोचल्यावर सवयीनं मी पाण्याचं टाकं शोधायला लागलो. दिसलं नाही. आणि इथली सगळी गोष्ट पाण्याचीच.

१६८२-८३ च्या हिवाळ्यात ला साल या फ्रेंच माणसानं इथं किल्ला बांधला होता. पण नावामागची दंतकथा नंतरची. १७६९ मध्ये ओटावा या मूळ अमेरिकी टोळीचा सरदार पाँटिअ‍ॅक मारला गेला. मारणारा इलिनॉय टोळ्यांपैकी, म्हणून सूड घ्यायला आलेल्यांनी त्या लोकांना या खडकावर कोंडलं. वरचे लोक दोराला भांडी बांधून नदीत सोडायचे, खाली होड्यांतले शत्रू दोर कापायचे. शेवटी सगळे तहानभुकेनं गेले. इतिहासकारांना पुरावा सापडत नाही, ते ही कथा मानत नाहीत. नसो. सिद्दी जौहरच्या वेढ्यात पन्हाळा चार महिने कसा तगला असेल, ते इथल्या कठड्याशी उभं राहिल्यावर मला नीट कळलं.

समोर धरण. जानेवारीत त्याच्याखालचं पाणी गोठत नाही, म्हणून गरुड मासे धरायला येतात. आम्ही गेलो ऑक्टोबरात. तेव्हा पांढरे पेलिकन होते. एवढा अवजड पक्षी, पण हवेत चढला की पंखसुद्धा हलवत नाही. घळी बघितल्या, धबधबे कोरडे होते.

खाण्याचं सगळं रात्री गाडीत ठेवा, असं आम्हाला बजावलं होतं. ठेवलंही. लाडवांचा डबा तेवढा बाकाखाली राहिला.

दोनच्या सुमारास झाकणाचा आवाज झाला. बॅटरी मारली तर रॅकून. पाटावर बसल्यासारखा बसलेला, दोन्ही पंजांत लाडू, डोळ्यांवर ती काळी पट्टी. आमच्याकडे एकदा बघून त्यानं सावकाश उरलेला घास संपवला आणि झाडीत गेला.

सकाळी डबा पाहिला. बेसनाचे सगळे फस्त. मेथीचे जसेच्या तसे, एकावर फक्त इवल्या बोटांचे ठसे.

आईला फोनवर सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “वेढ्यात सापडला असता ना, मुकाट्यानं खाल्ले असते.”