तुम्ही विचारलंत म्हणून: कृमींना कसला आलाय ताण?

सूत्रकृमींवर काम करते म्हटलं की थोड्या वेळाने प्रश्न येतोच: "ताणामुळे मूल होत नाही म्हणतात, ते तुमच्या किड्यांतही दिसतं का हो?"

दिसतं. पण त्यांचा ताण म्हणजे उष्णता आणि उपासमार. कर्जाचे हप्ते त्यांना नसतात, तेव्हा इथून थेट माणसावर उडी मारू नका.

आमचा सूत्रकृमी, म्हणजे दोऱ्यासारखा बारीक किडा, सी. एलिगन्स जेमतेम एक मिलिमीटरचा, बहुतेक उभयलिंगी. आधी शुक्रपेशी बनवून साठवतो, मग अंडपेशींकडे वळतो. २० अंश सेल्सिअसला एकाची साधारण ३०० पिल्लं होतात, कारण साठाच तेवढा असतो. २५ अंशांना संख्या घटते. आणखी दोन-तीन अंश चढले की प्रयोगशाळेतला नेहमीचा वाण जवळजवळ वांझ होतो. मग त्याच्यासोबत थंडाव्यात वाढलेला नर सोडायचा. पुष्कळदा पिल्लं पुन्हा दिसू लागतात, पहिल्याइतकी नसली तरी. म्हणजे मोठा मार बसलेला असतो तो शुक्रपेशींना.

पेशीच्या आत तेव्हा धावपळ चालू असते. उष्णतेने प्रथिनांच्या घड्या विसकटतात. एचएसएफ-१ नावाचं प्रथिन काही मिनिटांत ठरावीक जनुकं चालू करतं, त्यांतून घड्या सावरणारी प्रथिनं तयार होतात आणि बाकीची पुष्कळ जनुकं मंदावतात. घराला आग लागल्यावर पाळणा बांधायला कोण बसतं?

उपासमारीची तऱ्हा वेगळी, आणि बघायला भयंकर. भुकेली आई अंडी घालणं थांबवते. ती पोटातच उबतात आणि अळ्या तिला आतून खातात. सूक्ष्मदर्शकाखाली आईच्या आकाराची पारदर्शक पिशवी आणि आत नुसती वळवळ! त्या खाण्यावर काही अळ्या 'डॉअर' अवस्था गाठतात. तोंड बंद, अन्नाशिवाय महिनोन्महिने तग धरणारी.

पुढचा प्रश्नही ठरलेला: हे पुढच्या पिढ्यांत उतरतं का? काही प्रमाणात, हो. उपाशी कृमींचे छोटे आरएनए, म्हणजे जनुकांच्या कामावर ताबा ठेवणारे रेणू, तिसऱ्या पिढीपर्यंत सापडले आहेत. २०१७ साली उष्णतेचा परिणाम १४ पिढ्या टिकल्याची बातमी गाजली, पण तिथे मोजलं होतं ते बाहेरून घातलेल्या, चमकणाऱ्या जनुकाचं काम. चौदा पिढ्या वांझपणा उतरला असं कुणी सांगू लागलं, तर एवढंच विचारा: पहिली वांझ होती, तर दुसरी आली कुठून?