कॅपचं माप आणि हिरडीतला दोरा

आमच्या तालुक्याच्या गावात दातावर कॅप बसवायला येणारे पेशंट बहुतेक खेड्यावरचे, सोयाबीन किंवा कापूस विकून हातात पैसा आला की एसटीनं येणारे. दाढ घासून झाली की माप घेण्याआधी मी हिरडीत बारीक दोरा भरते आणि प्रश्न हमखास येतो, "मॅडम, हा दोरा कायले घालून रायल्या जी?" मी म्हणते, काका, धुऱ्यावरचं गवत बाजूला सारल्याबिगर हद्दीचा गोटा दिसते का? मग ते मान हलवतात आणि तोंड उघडून बसतात.

कॅपची कड, म्हणजे मार्जिन, बऱ्याचदा हिरडीच्या जरा खाली जाते, कारण कीडच तिथपर्यंत गेलेली असते, आणि वर हिरडी चिकटून बसलेली, त्यात लाळ, रक्त, मग लाइट बॉडी, म्हणजे मापाचं पातळ सिलिकॉन, तिथं शिरणार कशी? कडेपाशी निदान ०.२ मिलीमीटर फट लागते, त्याहून पातळ राहिलं तर सिलिकॉन काढतानाच फाटतं. मापात कड आली नाही की लॅबवाला अंदाजानं कॅप करतो, ती कडेला उघडी राहते, अन्न अडकतं, खालून पुन्हा कीड. एवढे पैसे मोजलेल्या माणसाला असं होऊ देणं मला पटतच नाही.

दोरा विणलेला घ्यावा, हिरडीत नीट बसतो. कड खोल असली की मी दोन दोरे घालते, खाली बारीक ००० नंबरचा आणि त्यावर जाड ० किंवा १ नंबरचा, वरचा रक्त थांबवणाऱ्या ॲल्युमिनियम क्लोराईडमध्ये भिजवून. सुरुवात दोन दातांच्या मधून करायची आणि पॅकरचं, म्हणजे दोरा भरायच्या हत्याराचं, टोक आधी भरलेल्या भागाकडे थोडं झुकवायचं, नाहीतर इकडे भरला की तिकडे निघतो. जोर अजिबात नको. हिरडी पांढुरकी पडली की हात हलका करायचा. एपिनेफ्रिनवाला दोरा मी ठेवतच नाही, त्या औषधानं बीपी वाढू शकतं आणि बीपीची गोळी चालू असलेले कितीतरी जण ते सांगतच नाहीत, विचारलं तर "थोडा हाय" म्हणतात.

पाच-सात मिनिटं थांबायचं, दहाच्या वर नाही. वरचा दोरा काढायच्या आधी पाण्यानं ओला करायचा, हे फार महत्त्वाचं, कोरडा ओढला तर हिरडीची आतली साल सोबत येते आणि थांबलेलं रक्त पुन्हा सुरू. औषध धुवून, हलकं वाळवून लगेच लाइट बॉडी. लेटेक्सचे हातमोजे या वेळी नकोत, त्यातल्या गंधकानं मापाचं ॲडिशन सिलिकॉन नीट सेटच होत नाही. आणि आमचा मे महिना, पारा ४५ ला, मटेरियल हातातच घट्ट व्हायला लागतं, म्हणून कूलर आधीच लावून खोली गार करायची.

पण सगळ्यात जास्त भांडण होतं ते हिरडीवरून. खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी, खाऊन खाऊन तोंड दोन बोटंही उघडत नाही, हिरडी सुजलेली, हात लावला की रक्त, आणि पेशंट म्हणतो, "आजच उरकवा जी, परत येनं होत नाही." मला कळतं, एक दिवसाची मजुरी जाते, एसटी एकच असते. तरी मी नाही म्हणते. आधी स्केलिंग म्हणजे दातांची सफाई, तात्पुरती कॅप, ब्रश कसा करायचा ते आरशात दाखवून, हिरडी घट्ट झाल्यावरच माप. सुजलेल्या हिरडीत कितीही दोरा कोंबा, रक्त थांबत नाही, आणि हिरडी बरी होऊन खाली सरकली की कड उघडी पडते.

आता दोऱ्याऐवजी पेस्ट पण मिळते, केओलिन आणि ॲल्युमिनियम क्लोराईडवाली, लवकर होते, दुखतही कमी, कड वरवर असेल तर मी पण वापरते, पण खोल कडेला माझा भरवसा दोऱ्यावरच. माप निघालं की उजेडात धरून कड गोल फिरून बघायची, बुडबुडा दिसला तर तिथल्या तिथे दुसरं माप घ्यायचं, खालचा दोरा अजून आत असतोच. माप पसंत पडलं की तोही आठवणीनं काढायचा, मगच नागपूरच्या लॅबचं पार्सल बांधायचं.