तासाला 20 मिनिटं

लेकाच्या मधल्या बोटाला पेन दाबून दाबून खड्डा पडलाय. तोंडी विचारा, इतिहासाचा अख्खा धडा सांगेल, पण लिहायला बसला की दोन ओळींत हात आखडतो आणि अक्षरं एकमेकांवर चढतात. डिसग्राफिया, म्हणजे लिहिण्याचीच अडचण. हा शब्द आम्हाला कळला तेव्हा तो सातवीत होता, तोवर मी अक्षर सुधार अक्षर सुधार म्हणून ओरडतच होते, आठवलं की अजून पोटात तुटतं.

दहावीच्या प्रिलिमला बेल झाली आणि सुपरवायझरनी पेपर काढूनच घेतला, म्हणे जादा वेळ फक्त 40 टक्के दिव्यांगत्व असणाऱ्यांना. घरी आला, जेवला नाही, एवढंच म्हणाला, आई मला येत होतं गं.

मग मी वाचायला बसले. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यात लर्निंग डिसॅबिलिटी आहे, डिसग्राफिया त्यातच येतो. 40 टक्क्यांची अट लागते ती आरक्षणासाठी, रायटर, म्हणजे आपण सांगू ते लिहून देणारा लेखनिक, मागायला नाही. यूपीएससी देणाऱ्या विकास कुमारचा रायटर्स क्रॅम्पमुळे हात चालत नव्हता, त्याला लेखनिक नाकारला, तेव्हा सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी 2021 मध्ये हेच स्पष्ट सांगितलं. त्यानंतर ऑगस्ट 2022 मध्ये केंद्राने 40 च्या खालच्यांसाठीही नियम काढले, सरकारी दवाखान्याचं लिहिण्यात अडचण असल्याचं सर्टिफिकेट असेल तर लेखनिक आणि तासाला 20 मिनिटं जादा. म्हणजे तीन तासांच्या पेपरला पूर्ण एक तास! मेडिकल प्रवेशाची नीट परीक्षा देणाऱ्या डिसग्राफियाच्या एका मुलीचा पेपरही असाच वेळेआधी घेतला होता, ती पण कोर्टापर्यंत गेली. सगळ्यांच्या आईबापांना कोर्ट परवडतं का हो?

सर्टिफिकेट कडक तपासा, माझं काही म्हणणं नाही. आम्ही चार खेपा घातल्या, बुद्ध्यांक चाचणी, वाचनाची, लिहिण्याची, सगळं झालं. खोटे कागद करणारे पकडलेच पाहिजेत, कारण त्यांच्यामुळे लोक माझ्या पोराकडे संशयाने बघतात. पण खरा कागद हातात असताना परीक्षेच्या हॉलमध्ये त्याने परत स्वतःला सिद्ध का करायचं?

आता बोर्डासाठी अर्ज दिलाय, पोचपावती घेतलीय, नियमांची प्रिंट हॉलतिकिटासोबतच ठेवणार. शेजारची नववीतली मुलगी लेखनिक म्हणून बसणारे. रोज संध्याकाळी दोघांची प्रॅक्टिस चालते, पोरगा स्वल्पविराम, नवा परिच्छेद सगळं बोलतो, ती लिहिते. काल पहिल्यांदा इतिहासाचा पूर्ण पेपर झाला, एकही प्रश्न लिहायचा राहिला नाही.