मग यात टाइम डायलेशन कुठे आहे?

पदव्युत्तर वर्गाला म्युऑनचा आयुष्यकाल मोजायचं प्रॅक्टिकल मी घेते. म्युऑन म्हणजे इलेक्ट्रॉनसारखाच, पण जड आणि अल्पायुषी कण; तो वातावरणाच्या वरच्या थरांत तयार होऊन खाली येतो. सिंटिलेटरचा, म्हणजे कण आत शिरला की चमकणाऱ्या प्लॅस्टिकचा ठोकळा, ती चमक विजेच्या पल्समध्ये बदलणारा फोटोमल्टिप्लायर आणि पल्स दाखवणारा ऑसिलोस्कोप. वरून आलेला म्युऑन ठोकळ्यात थांबला की एक पल्स, त्याचा क्षय होऊन इलेक्ट्रॉन सुटला की दुसरी. दोन पल्समधला वेळ नोंदवत राहायचं. कंटाळवाणं काम आहे, पण स्क्रीनवर जोडपल्स उमटली की मुलं खूश होतात.

त्या दिवशी एका मुलीचं उत्तर 2.1 मायक्रोसेकंद आलं. पुस्तकात 2.197. ती म्हणाली, “मॅडम, वेगाने येणाऱ्या म्युऑनचं आयुष्य वाढायला हवं ना? हे तर कमी आलं!”

कमी येण्याचं कारण साधं होतं: प्लॅस्टिकमधल्या कार्बनची अणुकेंद्रकं काही ऋण म्युऑन गिळून टाकतात, त्यामुळे सरासरी खाली येते. पण लगेच तिचा पुढचा प्रश्न आला: “आपण मोजले ते तर थांबलेले म्युऑन. मग यात टाइम डायलेशन कुठे आहे?”

अगदी बरोबर. टाइम डायलेशन म्हणजे वेगाने जाणाऱ्या वस्तूचं घड्याळ आपल्या घड्याळापेक्षा मंद चालणं; या टेबलावर ते नाहीच! इथे कळतो तो स्थिर म्युऑनचा आयुष्यकाल. डायलेशन दिसायला डोंगर लागतो.

मी फळ्यावर 1963चा फ्रिश आणि स्मिथ यांचा प्रयोग मांडला. अमेरिकेतल्या माउंट वॉशिंग्टनवर, सुमारे 1900 मीटर उंचीवर, तासाला सरासरी 563 म्युऑन थांबत होते. डिटेक्टरवर लोखंडाचा थर रचून त्यांनी ठरावीक वेगाचेच म्युऑन निवडले होते. खाली मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजमध्ये तो थर कमी केला, कारण मधली हवाच म्युऑनचा वेग थोडा उतरवते. (मला या प्रयोगातली सगळ्यात देखणी गोष्ट हीच वाटते.) खाली येण्याचा प्रवास 6.4 मायक्रोसेकंदांचा.

“आता तुझे 2.1 घाल.”

तिने कॅल्क्युलेटर काढला. 563पैकी खाली पोचायला हवेत जेमतेम 27. प्रत्यक्षात मोजले गेले 408.

मग न सांगताच तिने उलटं गणित केलं. 408 उरायचे तर म्युऑनच्या घड्याळात गेले फक्त 0.68 मायक्रोसेकंद. 6.4 भागिले 0.68, म्हणजे घड्याळ किती पट मंदावलं ते, साडेनऊच्या जरा खाली. फ्रिश-स्मिथ यांचं उत्तर 8.8, अधिक-उणे 0.8. काठावर का होईना, बसलं.

तिने ते जर्नलमध्ये लिहिलं. मीही सही करताना काही खोडलं नाही.