पाचफुटी टँक आणि काकूंचं उकळतं पाणी

मुलुंडला माझे एक कस्टमर आहेत, त्यांच्याकडे चारफुटी मरीन टँक होता, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या माशांचा, बराच जुना. मागच्या कोपऱ्यातलं सिलिकॉन सुटत आलेलं. धो धो गळत नव्हता, पण काचेच्या जोडावर बाहेरून पांढरं मीठ धरायला लागलं की आम्ही समजतो पाणी झिरपतंय आणि आता ह्याचे दिवस भरले. साहेबांना तसाही मोठा टँक हवाच होता, घरच्यांना पटवायला आयतं कारण मिळालं, त्यांनी लगेच पाच बाय दोन बाय दोन फुटांची ऑर्डर दिली.

12 एमएम काचेचा पाचफुटी टँक म्हणजे नुसता रिकामाच शंभर किलोच्या वर जातो. लिफ्टमध्ये मावला नाही, जिन्यातून चढवला, प्रत्येक वळणावर कोणीतरी कोणाला तरी शिव्या घालत होतं. शिफ्टिंगच्या आदल्या दिवशीच भिंतीलगत बसवला, लेव्हल बघितली, नळाचं पाणी भरून रात्रभर ठेवला. ही लीक टेस्ट न करता डायरेक्ट शिफ्टिंग करणारे लोक मी बघितलेत, मला त्यांच्या हिमतीचं कौतुक वाटतं.

पाण्याचं कामही आदल्या दिवशीच. नवीन टँकमध्ये साधारण साडेपाचशे लिटर बसतं, जुन्यातून त्याच्या निम्मंच निघणार, म्हणजे उरलेलं नवीन बनवायचं. आरओ-डीआय फिल्टरचं पाणी, टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार शून्य, त्यात समुद्री मिठाचं सॉल्ट मिक्स टाकून पंप रात्रभर फिरवत ठेवला, सकाळी रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे खारटपणा मोजायच्या यंत्रावर, 1.025 आलं, समुद्राएवढं, टेम्परेचर 26. साहेबांचे वडील बघत होते, म्हणाले, "अहो एवढा समुद्र आहे मुंबईला, मीठ कसलं विकत आणताय? चार कॅन भरून आणा की चौपाटीवरून." हा प्रश्न मला प्रत्येक घरात येतो. म्हटलं काका, त्या पाण्यात गटार आहे, बोटींचं ऑइल आहे, आणि पावसाळ्यात किनाऱ्याजवळ खारटपणा एवढा घसरतो की मीठ घालावंच लागेल. त्यांना काही पटलं नाही.

शिफ्टिंगच्या दिवशी क्रम चुकला की सगळं बिघडतं. आधी वरचं स्वच्छ पाणी पिंपात काढायचं, मग कोरल म्हणजे प्रवाळ, मग दगड, आणि मासे सगळ्यात शेवटी. लोकांना वाटतं मासे आधी वाचवावेत, पण दगड आत असताना मासा पकडून दाखवा. तो भोकात घुसतो, तुम्ही जाळी घेऊन तासभर पाणी घुसळता, मासा निम्मा टेन्शननेच मरतो. दगड निघाले, पाणी खाली वीतभर उरलं, की क्लाउन, डॅमसेल असले मासे आपोआप हाताशी येतात.

ॲनिमोनीने वेळ खाल्ला. ॲनिमोनी म्हणजे फुलासारखा दिसणारा मऊ समुद्री प्राणी, ही बबल टिप जातीची होती, क्लाउनची जोडी त्यातच राहायची. ती दगडाच्या फटीत पाय रोवून बसलेली. ओढली तर पाय फाटतो, आणि फाटलेली ॲनिमोनी टँकमध्ये मेली की पाण्याची वाट लावते. दगडासकटच हलवायची तर दगड मोठा, शिवाय तिची जागा बदलायची होती. मग साहेबांच्या आईंकडून, म्हणजे काकूंकडून, फ्रीजमधला बर्फ मागितला, दगडाच्या मागच्या बाजूला, बरोबर तिच्या पायाच्या मागे, बर्फाचा खडा धरून बसलो. गारवा लागला की ती हळूहळू पाय आखडते. माझी बोटं बधिर झाली, खडे संपत आले, आणि मग पाय एका कडेने सुटायला लागला, तिथून मी नख न लावता बोटाच्या पेराने सरकवत सरकवत तिला पूर्ण सोडवली. नवीन टँकमध्ये वेव्हमेकरना, म्हणजे पाणी फिरवणाऱ्या पंपांना, आधीच जाळी बांधून ठेवली होती, कारण ॲनिमोनी नवीन जागी पहिले काही दिवस भटकते आणि पंपात गेली तर कीस होतो.

(कोरल म्हटलं की लोक विचारतात कायद्यात बसतं का. दगडी सांगाड्याचं सगळं प्रवाळ 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या परिशिष्ट 1 मध्ये आहे, वाघाच्या पंगतीला. त्याला मी हात लावत नाही. ह्या टँकमध्ये लेदर, मशरूम, बटणांसारखे झोआ, असलं बिनसांगाड्याचं सॉफ्ट कोरलच होतं.)

आता काकूंची गोष्ट. जुन्या टँकमध्ये एका दगडावर पॅलिथोआ पसरलं होतं, झोआंचाच भाऊबंद, तपकिरी जाडसर बटणं, चार आण्याच्या नाण्याएवढी, बाकीच्या झोआंना दाबत चाललेली. साहेब म्हणाले हा दगड नवीन टँकमध्ये नको. म्हणून तो टबमध्ये पाण्यात बुडवून ड्राय बाल्कनीत ठेवला, वर झाकण, आणि हात लावू नका असं सांगून ठेवलं. मी हॉलमध्ये जुनी वाळू उपसत होतो. जुन्या वाळूखाली काळा थर असतो, तिथे ऑक्सिजन पोचत नाही, तो हलवला की हायड्रोजन सल्फाइड सुटतो, सडक्या अंड्यांचा वास सगळ्या घरात. ती वाळू मी नवीन टँकमध्ये कधीच टाकत नाही, वरच्या थरातली ओंजळभर बियाण्यासारखी ठेवतो, बाकी गोणीत. तर त्या वासाने काकू वैतागल्या होत्या, आणि त्यांचा समज झाला की वास बाल्कनीतल्या त्या दगडाला येतोय.

मी पाण्याची बादली न्यायला आत गेलो तर काकू गॅसवरून पातेलं उतरवून पकडीत धरून बाल्कनीकडे निघालेल्या, पाणी खळखळ उकळत होतं. मोरीत झुरळं झाली की ओततात तसं त्या दगडावर ओतणार होत्या. टबाचं झाकण काढलेलं होतं, पाणीही ओतून टाकलेलं. मी एवढ्या जोरात "काकू, थांबा!" ओरडलो की काका हॉलमधून धावत आले.

पॅलिथोआत पॅलिटॉक्सिन असू शकतं. निसर्गातल्या सगळ्यात जहाल विषांपैकी एक, हवाईमधल्या पॅलिथोआतून 1971 साली पहिल्यांदा वेगळं केलेलं. नुसतं टँकमध्ये असताना सहसा काही करत नाही. पण असा दगड उकळला, गरम पाणी मारलं किंवा कोरडा ब्रशने घासला की वाफेतून, तुषारांतून ते श्वासात जातं. ताप, खोकला, छाती भरून येणं, अंग मोडून येणं, तोंडात धातूसारखी चव. दगड घरात उकळून अख्खी कुटुंबं हॉस्पिटलमध्ये गेल्याच्या केसेस परदेशात नोंदल्या गेल्यात. प्रत्येक पॅलिथोआ तेवढं विषारी असतंच असं नाही, पण दिसण्यावरून कळत नाही, आणि बंद स्वयंपाकघरात ते तपासायची माझी तरी तयारी नव्हती.

काकूंनी पातेलं तिथेच ओट्यावर ठेवलं आणि पहिला प्रश्न मुलाला, "हे इतकी वर्षं घरात आहे आणि तू मला सांगितलं नाहीस?" साहेबांनाही माहीत नव्हतं. ज्या दुकानातून घेतलं तिथे कोणी चकार शब्द काढला नव्हता, आणि खरं सांगायचं तर काढणारे दुकानदार मला फार कमी भेटलेत. रंग दाखवतात, भाव सांगतात, हातमोजे घाला कोणी सांगत नाही. मी हातमोजे, गॉगल घालून दगडावर परत खारं पाणी भरलं, झाकणाच्या बादलीत घालून टेप मारली आणि गाडीत नेऊन ठेवली. माझ्या दुकानाच्या मागे उघड्यावर ब्लीचमध्ये बुडवून नंतर विल्हेवाट लावली, ब्लीचने हे विष मोडतं.

बाकीचं काम मग रात्रीपर्यंत चाललं. दगड सतत ओले ठेवले, कारण माशांच्या घाणीतून येणारा विषारी अमोनिया खाणारे बॅक्टेरिया दगडात राहतात, पाण्यात नाही. जुनं पाणी अमृतासारखं जपणारे लोक दगड मात्र तासभर पंख्याखाली वाळवतात आणि मग आठवड्याने फोन करतात, मासे का मेले. शेवटी मेन स्विच बंद करून बघितलं, लाइट गेल्यावर वरचं पाणी खालच्या फिल्टरच्या टाकीत, संपमध्ये उतरतं, ते मावतंय ना. मावलं, दोन बोटं शिल्लक ठेवून. पाणी गार ठेवणारा चिलर चालू केला आणि निघालो.

पुढचे काही दिवस रोज अमोनिया टेस्ट. एकदा पिवळ्याची किंचित हिरवट छटा आली, तेवढं पाणी बदललं, मग शून्यावर राहिला. लेदर कोरल दोन आठवडे रुसून बसलं, त्याच्यावर मेणासारखी साल आली, ती झडली आणि मग उघडलं. ॲनिमोनी मात्र मी दिलेली जागा सोडून डाव्या कोपऱ्यात, जिथून ती कोणालाच नीट दिसत नाही, तिथे जाऊन बसली.

काकूंनी मला टँकच्या कॅबिनेटच्या दारावर आतून यादी चिकटवायला लावली, कशाला हात लावायचा नाही ह्याची, मराठीत आणि मोठ्या अक्षरात. आता सर्व्हिसला गेलो की चहाच्या आधी विचारतात, नवीन काय आणलंय आणि ते यादीत लिहिलं का.