व्हिडिओत नसलेली क्लिक

बचत ठेवींवरचं सहामाही व्याज खात्यांना लावण्याआधी प्रत्येक शाखेनं ट्रायल यादी (कुणाला किती व्याज पडेल याचा, खात्यांना न लावलेला नुसता हिशेब) काढायची, ती मुख्य कार्यालयाकडे पाठवायची आणि होकार आला की सहामाहीच्या शेवटच्या तारखेला अंतिम पोस्टिंग करायचं, म्हणजे व्याज खरोखर खात्यांत जमा करायचं, ही आमच्या पतसंस्थेतली रीत. दोन्ही कामांची विंडो एकच. वर ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ अशा दोन तारखा, मग योजना, त्याखाली दोन गोल बटणं: ट्रायल आणि अंतिम. तळाशी ‘प्रोसेस’.

या सप्टेंबरमध्ये २७ तारखेला दुपारी एका शाखेत ट्रायलऐवजी अंतिम पोस्टिंग झालं. व्याज जमा झाल्याचे मेसेज सभासदांच्या मोबाइलवर गेले. काहींनी तर लगोलग येऊन पासबुकं भरूनही घेतली. मुख्य कार्यालयात कारणे दाखवा नोटिसीचा मसुदा तयार व्हायला तासभरही लागला नाही. आमच्याकडे सॉफ्टवेअरची नवी प्रिंटर सेटिंग मंजूर व्हायला दोन महिने लागतात, नोटीस मात्र दुपारच्या चहाआधी टाइप होते.

नोटीस ज्यांच्या नावे निघणार होती त्या क्लार्क मॅडम कर्ज विभागातून नुकत्याच काउंटरवर आल्या होत्या. आमच्या संगणक विभागाशी फोनवर बोलताना त्यांचं एकच म्हणणं होतं, “सर, ट्रायल कशी काढायची याचा ग्रुपवर आलेला व्हिडिओ बाजूला लावूनच केलंय. एक क्लिक इकडची तिकडे नाही.”

आधी दुरुस्तीचं सांगतो, कारण बाहेरच्यांना वाटतं चुकीच्या नोंदी उलट्या फिरवल्या की झालं. सॉफ्टवेअरमध्ये रिव्हर्सलची सोय आहे. ती जमा झालेलं व्याज खर्ची टाकते, किर्द (रोजच्या व्यवहारांची वही) जुळते, तेरीजही (सगळ्या खात्यांच्या शिलकांचा ताळा) जुळते. पण प्रत्येक खात्यात ‘शेवटची व्याज तारीख’ असं एक खानं असतं. अंतिम पोस्टिंगनं ते ३० सप्टेंबरवर गेलं होतं आणि रिव्हर्सल त्याला हातच लावत नाही. म्हणजे ३० तारखेला खरं पोस्टिंग करायला गेलो असतो तर या सगळ्या खात्यांना शून्य व्याज लागलं असतं, आणि पैशांची बाजू जुळत असल्यामुळे तेरीज पाहून कुणाला शंकाही आली नसती. डेटाबेसच्या प्रतीवर आधी करून पाहिलं म्हणून हे दिसलं. शेवटी आदल्या रात्रीचा बॅकअप रिस्टोअर केला, स्लिपा आणि कॅशियरचा स्क्रोल समोर ठेवून दिवसभराची व्हाउचरं पुन्हा मारली. पिग्मी एजंटांच्या, म्हणजे रोजची छोटी बचत दारोदार गोळा करणाऱ्यांच्या, मशीनमधला डेटा एकदा उतरवला की मशीन रिकामं होतं, पण उतरवलेल्या फाइली फोल्डरमध्ये तशाच राहतात. त्या पुन्हा चढवल्या. शाखा रात्री उशिरा बंद झाली.

आता मूळ प्रश्न. व्हिडिओ बरहुकूम केलं, तरी उलटं कसं झालं?

व्याज आकारणी, वर्षअखेर अशा कामांच्या वेळी शाखेत विंडोजमधला स्टेप्स रेकॉर्डर चालू ठेवायचा, असा आमच्या संगणक विभागाचा नियम आहे. रनमध्ये पीएसआर टाइप केलं की उघडतो. विंडोज ७ पासून फुकट मिळणारं हे छोटंसं साधन मायक्रोसॉफ्टनं २०२३ मध्ये निवृत्तीच्या यादीत घातलं, याचं मला खरंच वाईट वाटतं. ते व्हिडिओ काढत नाही. प्रत्येक क्लिकला पडद्याचा एक फोटो काढतं, जिथे क्लिक झाली त्याभोवती हिरवी चौकट आखतं, वेळ टाकतं आणि खाली काय केलं ते एका ओळीत लिहितं. हवी तिथे आपली टिप्पणीही जोडता येते. थांबवलं की सगळं एका झिपमध्ये. ईमेलनं सहज जातं.

त्याच्या दोन खोडी माहीत हव्यात. एक, टाइप केलेली अक्षरं ते नोंदवत नाही. पासवर्डच्या दृष्टीनं हे बरंच आहे, पण तारीख काय टाकली हे ओळीत सापडत नाही, पुढच्या फोटोत डोळ्यांनी शोधावं लागतं. दुसरी, सेटिंगमध्ये हात घातला नाही तर फक्त शेवटचे २५ फोटो राहतात. लांबलचक कामात सुरुवातीच्या पायऱ्यांची नुसती वर्णनं उरतात, फोटो गेलेले असतात. या शाखेत आकडा २५ च होता. मेसेज गेल्याचं कळताच मॅडमनी रेकॉर्डर थांबवला, म्हणून नेमके हवे ते फोटो वाचले. आता सगळीकडे तो आकडा १०० करून ठेवला आहे.

झिप उघडली आणि एकेक पायरी व्हिडिओशी ताडून पाहिली. मेनू, उपमेनू, तारखेचं खानं, दुसरं खानं, योजनेची यादी, तिसरी ओळ, प्रोसेस, ‘होय’. व्हिडिओतल्या क्लिक आणि झिपमधल्या क्लिक, क्रमासकट तंतोतंत सारख्या. बाईंचं म्हणणं अक्षरशः खरं होतं.

फरक ओळींमध्ये नव्हताच, फोटोत होता. प्रोसेसच्या पायरीचा फोटो मोठा करून पाहिला तर काळा ठिपका ‘अंतिम’समोर. मग व्हिडिओ त्याच क्षणी थांबवला. तिथे ठिपका कुठे आहे हेच कळेना. दोन करडे धब्बे, त्यातला वरचा जरासा गडद. हा व्हिडिओ सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीच्या माणसानं मोठ्या मॉनिटरवर १९२० बाय १०८० मध्ये काढला होता आणि शाखांच्या ग्रुपवर व्हॉट्सॲपनं टाकला होता. व्हॉट्सॲप व्हिडिओ दाबून लहान करतं. चेहरे, लग्नकार्य, निवडणुकीची भाषणं यांना त्यानं काही फरक पडत नाही, पण सात-आठ पिक्सेलच्या गोलातला ठिपका त्यात विरघळून जातो. शिवाय अशा व्हिडिओत रंगाची माहिती उजेडाच्या मानानं दोन्ही दिशांना निम्म्याच बारकाईनं साठवतात, त्यामुळे निळ्या पट्टीवरची लाल अक्षरं तर पसरतातच. तीच फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली असती तर जशीच्या तशी गेली असती.

पण खरी मेख त्याच्याही मागे होती. व्हिडिओत ट्रायलवर क्लिकच नाही. कुठेच नाही. कंपनीच्या माणसानं रेकॉर्डिंगआधी तालीम केली होती, आणि ती विंडो प्रत्येक लॉगिनसाठी मागची निवड लक्षात ठेवते. तालमीत ट्रायल निवडलं, विंडो बंद झाली, रेकॉर्डिंगला उघडली तेव्हा ट्रायल आधीच निवडलेलं. हाताला तिथे काही काम उरलं नाही, म्हणून रेकॉर्डरला टिपायला काही मिळालं नाही. आणि आवाज देणारा माणूस हात काय करतोय तेच बोलत जातो, म्हणून कॉमेंटरीतही ते आलं नाही: “तारीख टाका, योजना निवडा आणि प्रोसेसवर क्लिक करा.” टेस्ट डेटाबेसमध्ये नवं लॉगिन काढून ती विंडो उघडली, तर निवड आपसूक ‘अंतिम’वर. मॅडमचं लॉगिनही या विभागात नवंच होतं.

बाकीच्या शाखांत असं का झालं नाही, तर जुन्या क्लार्क मंडळींनी तो व्हिडिओ उघडूनच पाहिला नव्हता. ज्या एका व्यक्तीनं सूचना शब्दशः पाळली तीच नोटिसीला पात्र ठरत होती. हे अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

कंपनीच्या सपोर्टचं उत्तर होतं, “पुढं कन्फर्मेशन येतं ना?” येतं. “प्रोसेस सुरू करायची का? होय/नाही.” ट्रायल असो वा अंतिम, वाक्य तेच. जी चौकट काय घडणार आहे हे सांगत नाही ती विचारते कशाला? धोक्याचा पर्याय आपसूक निवडलेला ठेवायचा, खात्री करून घेताना त्याचं नावही घ्यायचं नाही, आणि वर क्लार्कला म्हणायचं नीट वाचत जा.

कृती रेकॉर्ड करणाऱ्या साधनांचा हा दोष तसा जुनाच आहे. एक्सेलचा मॅक्रो रेकॉर्डर घ्या. आपण केलेल्या कृती टिपून तो त्यांची आपोआप चालणारी यादी, म्हणजे मॅक्रो, बनवतो. ‘रिलेटिव्ह रेफरन्सेस’चं बटण न दाबता रेकॉर्ड केलं तर तो सेलचे ठाम पत्ते लिहून ठेवतो, आणि पुढच्या महिन्यात यादीत एक ओळ वाढली की चुकीच्या ओळीवर प्रामाणिकपणे काम करतो. माउसच्या जागा मोजून चालणारे रेकॉर्डर त्याहून अडाणी: डिस्प्लेचं स्केलिंग (पडद्यावरच्या गोष्टी किती मोठ्या दिसाव्यात ते) १०० वरून १२५ टक्के केलं की क्लिक भलत्याच बटणावर. गंमत म्हणजे त्याच एक्सेलमध्ये पेज सेटअपची चौकट उघडून फक्त एक समास बदलला आणि ओके दाबलं, तर मॅक्रोत त्या चौकटीतल्या सगळ्याच सेटिंग उतरतात, न बदललेल्यासुद्धा. सगळे त्याला शिव्या घालतात आणि त्या ओळी पुसून टाकतात. मीही पुसत आलोय. पण रेकॉर्डिंगच्या वेळी पडद्यावर काय होतं ही माहिती त्या फापटपसाऱ्यातच असते.

नवा व्हिडिओ आम्हीच काढला. मुंबईच्या आयआयटीतल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाची पद्धत मला पहिल्यापासून पटलेली आहे: साधारण दहा मिनिटांचा तुकडा, बघणाऱ्यानं अर्ध्या पडद्यावर व्हिडिओ आणि अर्ध्यावर प्रत्यक्ष काम ठेवायचं, आणि रेकॉर्डिंगआधी दोन रकान्यांची संहिता, एकात पडद्यावर काय घडतं ते, दुसऱ्यात निवेदन. आम्ही त्यात तिसरा रकाना वाढवला: ‘हात लावण्याआधी काय दिसायला हवं’. लिहायला बसलो तेव्हा कळलं की सगळ्यात जास्त मजकूर याच रकान्यात येतो.

रेकॉर्डिंग कोऱ्या लॉगिनवर. आमच्या लॅपटॉपवर नाही, तर शाखेत असतं तसल्याच मशीनवर, १३६६ बाय ७६८, स्केलिंग १०० टक्के. पडदा रेकॉर्ड करायला ओबीएस हे सॉफ्टवेअर वापरतो. त्यात ‘विंडो कॅप्चर’ निवडलं तर पुष्कळदा खाली उघडणाऱ्या याद्या चित्रात येतच नाहीत, कारण विंडोजच्या हिशेबी त्या वेगळ्या खिडक्या असतात. बघणाऱ्याला दिसतं काय, तर बाण रिकाम्या जागेवर टिचक्या मारतोय. म्हणून ‘डिस्प्ले कॅप्चर’. फाइल एमकेव्हीत घ्यायची, एमपी४ मध्ये नाही. साध्या एमपी४ ची अनुक्रमणिका फाइल बंद होताना लिहिली जाते, त्यामुळे मधेच लाइट गेली तर अख्खी फाइल उघडत नाही, एमकेव्हीत तोवरचं काम शाबूत राहतं. नंतर ओबीएसमध्येच ‘रीमक्स’ केलं, म्हणजे तेच चित्र-आवाज दुसऱ्या प्रकारच्या फाइलमध्ये भरलं, की गुणवत्ता न घटता एमपी४ मिळते. ज्या गावात दुपारची लाइट जाते तिथे हे आपोआप शिकायला मिळतं.

आवाज नंतर, वेगळा. एकाच वेळी बोलणं आणि माउस चालवणं सोपं वाटतं, पण हात नेहमी जिभेच्या पुढे धावतो. ‘प्रोसेसवर क्लिक करा’ हे ऐकू येईपर्यंत पडद्यावर क्लिक होऊन गेलेली असते, आणि बाजूला लावून काम करणारा माणूस डोळ्यांनी चालतो, कानांनी नाही. ऑडॅसिटी या आवाज रेकॉर्ड करायच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाज घेताना सुरुवातीचे चार-पाच सेकंद गप्प बसायचं. ती शांतता निवडून नॉइज प्रोफाइल (मागच्या आवाजाचा नमुना) घेतली की पंख्याची घरघर काढता येते. मात्र कपात जास्त लावली तर माणूस पिंपात बसून बोलतोय असं वाटतं, १० ते १२ डेसिबलच्या पुढे मी जात नाही. मग व्हिडिओ एडिटरमध्ये चित्र फ्रीझ करून थांबवायचं, वाक्य पूर्ण होऊ द्यायचं, दोन सेकंद निव्वळ थांबायचं आणि त्यानंतरच बाण हलू द्यायचा. वरिष्ठांना हा व्हिडिओ रटाळ वाटला. शाखांतून तशी तक्रार आली नाही.

ट्रायलपाशी आता आधी ‘अंतिम’ निवडलेलं दाखवतो, तो भाग झूम करतो, मग सगळ्यांसमोर ‘ट्रायल’वर क्लिक. ते आधीच निवडलेलं असलं तरीही पुन्हा क्लिक करायची, असं निवेदनात स्पष्ट आहे. निवडलेल्या गोल बटणावर परत क्लिक केल्यानं काही बिघडत नाही, पण स्टेप्स रेकॉर्डरमध्ये त्याची पायरी आणि हिरवी चौकट येते. म्हणजे उद्या कुणी विचारलं तर शाखेकडे दाखवायला कागद असेल.

दरम्यान कंपनीनं एक प्रस्ताव पाठवला: माउसच्या क्लिक रेकॉर्ड करून ठेवू, मुख्य कार्यालयातून रात्री त्याच प्रत्येक शाखेच्या मशीनवर आपोआप चालवू, माणसाची चूकच नको. बैठकीत काहींना तो आवडलाही. मी मॅडमच्या झिपमधले प्रोसेसच्या पायरीपर्यंतचे फोटो प्रिंट काढून टेबलावर ठेवले आणि विचारलं, यातली कोणती पायरी तुमच्या मॅक्रोनं वेगळी केली असती? प्रस्ताव तूर्त बाजूला पडलाय, फेटाळलेला नाही.

नोटीस गेली नाही, पण मसुदा फाइलमध्ये लावलेला आहे आणि तो काढायला कुणी तयार नाही. आपसूक निवड बदलण्याची मागणी कंपनीकडे लेखी गेली आहे, उत्तर ‘पुढच्या व्हर्जनमध्ये’. जुना व्हिडिओ ग्रुपवरून आम्ही हटवू शकलो नाही. तोवर तो कितीतरी फोनमध्ये उतरला होता आणि एका शाखेतून दुसऱ्या शाखेत फॉरवर्ड होतोय. नव्या व्हिडिओच्या पहिल्या चित्रावर हिरवी पट्टी, तारीख आणि सॉफ्टवेअरचा व्हर्जन नंबर टाकलाय. तो नंबर लॉगिनच्या पानावरच्या नंबराशी जुळत नसेल तर काम थांबवून फोन करायचा, असं परिपत्रक काढलंय. मार्चच्या आकारणीला तीन शाखांत नवे क्लार्क असतील. त्या तिन्ही ठिकाणी २५ तारखेपासून मी स्वतः जाणार आहे.