रथ नाही, दिंडी नाही: येम्टलंडमधली ओलावची वाट

स्वीडनच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या सेलोंगरहून नॉर्वेतल्या ट्रॉनहाइमपर्यंत ही वाट जाते, सुमारे ५८० किलोमीटर. नॉर्वेचा हद्दपार झालेला राजा ओलाव १०३० साली याच बाजूने परतला आणि २९ जुलैला स्टिकलेस्टॅडच्या लढाईत पडला. पुढच्याच वर्षी त्याला संत ठरवलं गेलं आणि लोक ट्रॉनहाइमला त्याच्या समाधीकडे चालू लागले. मी चाललो तो मधला टप्पा, येम्टलंड जिल्ह्यातला, पिल्ग्रिमस्टाड गावापासून नॉर्वेच्या हद्दीपर्यंत.

जिल्हा अवाढव्य. जवळजवळ ४९,००० चौरस किलोमीटर, आणि माणसं १ लाख ३० हजारांच्या आसपास. शहर म्हणावं असं एकच, ओस्टरसुंड. तेही १७८६ मध्ये राजाने वसवलेलं. तिकडे गावी पालख्या पंढरीच्या वाटेला लागल्या होत्या. अण्णांनी फोनवर विचारलं, "तुझी दिंडी रथापुढे की रथामागे?"

"अण्णा, रथ नाही. दिंडीत मी एकटाच."

"मग वीणा कोण धरतं?"

एकटा असलो तरी निवांतपणा नव्हता. ई-१४ महामार्गावरचे लाकडाचे ट्रक कानाशी घरघरत असतात. समुद्राकडून डोंगरापलीकडे जायला सोयीची दरी इथे सगळ्यांना हीच. यात्रेकरूंनी मळलेल्या वाटेलगत राजरस्ता झाला, १८८२ मध्ये ट्रॉनहाइमपर्यंत रेल्वे गेली, आता महामार्ग. उत्तर-दक्षिण जाणारी इनलँड्सबानन रेल्वेही ओस्टरसुंडलाच येऊन मिळते.

मी सर्वांत जास्त रेंगाळलो ते फ्रोसोन बेटावरच्या रूनशिळेपाशी, म्हणजे जुन्या रून लिपीत कोरलेल्या उभ्या दगडापाशी. अकराव्या शतकातली, स्वीडनमधली सर्वांत उत्तरेकडची. तिच्यावर ओस्टमन नावाच्या माणसाने कोरवून घेतलंय की ही शिळा उभारली, हा पूल बांधवला आणि येम्टलंडला ख्रिस्ती केलं. अख्ख्या मुलखाचं धर्मांतर आणि एक पूल, दोन्ही एकाच दमात! ज्याने घाट बांधला त्याचं नाव पायरीवर कोरतात, त्या आपल्या लोकांना हा माणूस लगेच कळेल.

तेव्हापासून हा मुलूख दोन्हीकडे ओढला गेला. राज्य नॉर्वेचं, पण चर्चचा कारभार स्वीडनमधल्या उप्सालाचा. म्हणजे बिशप पूर्वेला आणि पंढरी पश्चिमेला. १६४५ च्या ब्रेमसेब्रूच्या तहात तो कायमचा स्वीडनकडे आला. वारी त्याआधीच, धर्मसुधारणेच्या काळात, मोडली होती. आजच्या पाट्या, शिक्के मारायचा यात्रेकरूचा पासपोर्ट, हे सगळं अलीकडचं.

एका मुक्कामी पातळ भाकरीवर मेसमोर फासून मिळालं. निवळी आटवून केलेलं हे तपकिरी लोणी. चव खव्याची, पण वर खारटपणा. दोन घास गेल्यावर आवडायला लागलं. डासांहून बारीक चिलटं मात्र शेवटपर्यंत आवडली नाहीत.

ओरेजवळ डोंगर सुरू होतात. १७१९ च्या जानेवारीत ट्रॉनहाइमची मोहीम फसल्यावर परतणारं स्वीडिश सैन्य याच डोंगरांत वादळात सापडलं. सुमारे तीन हजार सैनिक गारठून मेले. उन्हाळ्यात हे खरं वाटत नाही, पण जुलैतही स्वेटर काढवत नव्हता.

डूवेडनंतर महामार्ग स्टोर्लीनकडे जातो आणि आपली वाट स्कालस्तुगानकडे, कार्ल योहान राजाने १८३५ मध्ये खुल्या केलेल्या रस्त्याच्या सोबतीने. चढ मात्र त्या राजालाही कमी करता आला नाही.